वाचक विचारतात : पखवाज, पेटी आणि परक्या गावचं गाणं

प्रश्न : कुडाळजवळच्या आमच्या गावात मी भजन मंडळात पखवाज वाजवायचो, थोडी पेटीही येते. आता नोकरीमुळे आम्ही आयर्लंडमध्ये गॉलवेला असतो. इथल्या पबमध्ये पारंपरिक वादन चालतं. ते नुसतं ऐकायचं की आपल्यालाही बसता येतं? आठ वर्षांच्या मुलालाही न्यायचंय.
– एक वाचक, गॉलवे

उत्तर : बसता येतं, पण पखवाज घेऊन नव्हे, आणि पहिल्याच दिवशी तर नाहीच.

पबच्या कोपऱ्यात वादक टेबलाभोवती गोल करून बसतात, त्याला तिथे सेशन म्हणतात. स्टेज नाही, तिकीट नाही. टेबलालगतच्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी त्या वादकांसाठी असतात. नवखा माणूस हमखास तिथेच जाऊन बसतो आणि उठवला जातो. गॉलवेत टी कोली आणि सी रोडवरचा क्रेन बार ही नावाजलेली ठिकाणं. दारू घ्यायलाच हवी असं नाही, पण काहीतरी मागवून बसावं. मुलाचं म्हणाल तर आयरिश कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालच्यांना रात्री नऊनंतर पबमध्ये थांबता येत नाही. मे ते सप्टेंबर ही मर्यादा दहाची. रात्रीच्या सेशन बहुधा त्याच सुमाराला रंगायला लागतात. तेव्हा त्याला संध्याकाळच्या नाहीतर रविवारी दुपारच्या सेशनला न्या.

आता ऐकायचं कसं ते. जिग आणि रील हे तिथल्या धुनांचे दोन नेहमीचे प्रकार. जिग सहा मात्रांची, म्हणजे चालीने दादराच. फक्त चौथ्या मात्रेवर खाली नाही, तीही भरीव पडते. रील आठ मात्रांची, केरव्याच्या अंगाची. आठ आवर्तनांचा पहिला भाग दोनदा, मग आठ आवर्तनांचा दुसरा भाग दोनदा. अशी 32 आवर्तनं झाली की धून पुरी. जिगच्या नेहमीच्या लयीत याला अर्ध्या मिनिटाहून थोडाच जास्त वेळ लागतो. धून दोन-तीनदा फिरते आणि न थांबता दुसरी सुरू होते. अशा दोन-तीन धुनांचा एक सेट. बोटांवर आवर्तनं मोजायची सवय ठेवलीत तर धून कुठे बदलणार हे आठवडाभरात कळायला लागेल. भजनकऱ्याला हे जड नाही.

भजनकऱ्याची अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे टाळ-झांजा जितक्या जास्त तितका गजर रंगतो आणि लय चढत जाते. सेशनमध्ये लय चढवणारा माणूस कोणालाच नको असतो. तालवाद्य म्हणजे बाउरॉन, बकऱ्याच्या कातड्याची डफासारखी चकती, छोट्या काठीने वाजवायची. ती एका वेळी एकच. धुनेतला ठेका फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, गजातच असतो. दोघे बाउरॉनवाले दोन जागी जोर देऊ लागले की सूर गढूळ होतो. पखवाजाची तर आणखी एक पंचाईत आहे. तोंडावरची शाई एका स्वराला लावलेली आणि सेटमध्ये स्वर बदलत जाणार. पहिल्या धुनेला जुळलेला पखवाज दुसरीला बेसूर लागेल.

पेटीसाठी षड्ज धरायचा पांढरी दोन (डी) नाहीतर पांढरी पाच (जी). बहुतेक धुना या दोनांच्या आसपास असतात. पण आपल्या बऱ्याच पेट्या 440 ला, म्हणजे पाश्चात्य वाद्यांच्या प्रमाण सुराला, लावलेल्या नसतात. फोनवरच्या ट्यूनरने पांढरी सहा तपासा. फरक निघाला तर पेटी घरीच बरी, कारण तिचे सूर बसल्या जागी हलवता येत नाहीत.

आमचं मत विचाराल तर डी सुराची टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी शिट्टीवजा बासरी, घ्या. साधी दहा-पंधरा युरोत मिळते. सहाही भोकं बंद केली की पांढरी दोन, वरची तीन बंद केली की पांढरी पाच. बासरीवर वरची तीन बंद म्हणजे सा, तीच बोटं इथे चालतात. मुलालाही हेच वाद्य घेऊन द्या. कोल्तस या 1951 साली स्थापन झालेल्या, आयरिश पारंपरिक संगीताच्या संस्थेच्या शाखांमध्ये मुलांचे आणि मोठ्यांचे वर्ग असतात. जुलैत क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मॅलबेला विली क्लॅन्सी या पाइपवादकाच्या नावाची उन्हाळी शाळा भरते, 1973 पासून. चार-पाच धुना तोंडपाठ झाल्या की दोन सेटच्या मधल्या वेळात 'बसू का?' असं विचारा. रेकॉर्डिंगही विचारूनच.

प्रश्न : जावई डब्लिनला असतात, त्यांना पखवाज हवा आहे. शिसवी लाकूड बाहेर नेता येत नाही म्हणतात. खरं का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : ही भीती 2017 ची. त्या वर्षी शिसम-शिसवीच्या साऱ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. पावतीवर 'तयार वाद्य' असं स्पष्ट लिहून घ्या. फणसाच्या खोडाला हा प्रश्नच नाही.

पार्सलपेक्षा कोणाबरोबर तरी सामानात पाठवा. भेटीच्या पार्सलला 45 युरोपर्यंतच करमाफी आहे. विमानाने येणाऱ्या प्रवाशाला ती 430 युरोपर्यंत मिळते. धुमावरची (डाव्या तोंडावरची) कणीक पूर्ण खरवडून, पुडी (तोंडावरचं कातडं) कोरडी करून आणि ताण देणारे लाकडी गठ्ठे उतरवूनच बांधा. ओली कणीक राहिली तर वाटेत बुरशी धरते.

तिकडे गेल्यावर काळजी उलटी घ्यायची. आपल्याकडे पावसात पुडी सैल पडते. तिथे घरातल्या हीटरच्या कोरड्या हवेने ती ताणते, शाईचे टवके उडतात, कधी पुडीच फाटते. हीटरपासून लांब, पिशवीत ठेवा आणि वाजवून झाल्यावर गठ्ठे उतरवा.

प्रश्न : मुलीकडे लिस्बनला तीन महिने राहणार आहोत. फाडो हे तिथलं पारंपरिक गाणं ऐकायला कुठे जावं? आम्ही शाकाहारी आहोत.
– एक वाचक दांपत्य, वेंगुर्ले

उत्तर : आधी आल्फामा या जुन्या भागातलं फाडो संग्रहालय बघा, 1998 पासून आहे; बारा तारांची पोर्तुगीज गिटार जवळून पाहायला मिळेल. मग आल्फामा किंवा मोरारिया भागातल्या फाडो घरात जा. जेवण-गाणं एकत्र असलेल्या जागी बहुतेक वेळा किमान खर्चाची अट असते, ती आरक्षण करतानाच विचारा. हौशी गायक आळीपाळीने गातात त्या 'फाडो वादियू'च्या जागा स्वस्त पडतात, आणि आम्हाला तिथलंच गाणं जास्त आवडतं.

गाणं चालू असताना बोलायचं नाही, वेटरलाही बोलवायचं नाही. 'वाहवा' गाणं संपल्यावर. टेबलावर न मागता येणारे पाव-ऑलिव्ह फुकट नसतात, नको असतील तर लगेच परत करा. आणि काल्दु व्हेर्द हे हिरव्या पाल्याचं सूप शाकाहारी समजून मागवू नका, त्यात सॉसेजची चकती असते.