व्हान व्हाखची सरोवरकन्या: लोखंड की तीन फटके?

अभिवाचनासाठी तुम्ही वेल्समधली सरोवरकन्येची कथा घेताय. एका ठिकाणी ती लोखंड लागल्यामुळे निघून जाते, दुसरीकडे तीन फटक्यांमुळे. खरं कुठलं, असं विचारलंय. याच गोंधळात मीही बरेच दिवस काढलेत. गुराखी पाव देऊन सरोवरातल्या कन्येला मिळवतो, लग्नाची अट मोडली की ती सरोवरात परत जाते, हे तुम्हाला माहीत आहेच, ते सोडतो.

दोन्ही खरं, मुलूख वेगळे. लोखंड उत्तरेतलं: बेटूस गार्मन गावाकडच्या कथेत नवऱ्याने फेकलेल्या लगामाचं लोखंड तिला लागतं. तीन फटके, म्हणजे विनाकारण तीनदा मारलं तर ती जाणार ही अट, दक्षिणेतल्या ल्लिन अ व्हान व्हाख सरोवराची. कृपया यांची खिचडी करू नका.

मला सगळ्यात महागात पडलं ते एक ग्रंथालय. व्हान व्हाखची कथा १८६१ साली मद्व्हाय गावच्या वैद्यांच्या औषधांच्या पुस्तकात, तीही प्रस्तावनेत छापली गेली. पैसे भरून ग्रंथालयातून त्याच्या पानांच्या प्रती मागवल्या, तर आले नुसते काढे आणि लेप. प्रस्तावना मागितली तर म्हणे, ‘या पुस्तकात कथा नाही.’ पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क. चार पानं उलटून बघायला काय जात होतं? असो. तुम्ही त्या फंदात पडू नका. जॉन ऱ्हीस यांच्या १९०१च्या लोककथाग्रंथात ती आहे आणि नेटवर फुकट मिळते.

आता माझं मत; मी अभ्यासक नाही, हौशी वाचक आहे. नवऱ्याला मारकुटा दाखवू नका. बाप्तिस्म्याला निघायला ती रेंगाळते, तेव्हा तो गमतीत हातमोज्याने तिच्या खांद्यावर टिचकी मारतो. लग्नात ती रडते, तो हात लावून कारण विचारतो; ती म्हणते, या जोडप्यामागे आता त्रास लागला. मयताला हसते, कारण मेलेला त्रासातून सुटला. तिसरा स्पर्श तिथेच होतो. तिन्ही वेळा तिचं बरोबर असतं, त्याला फक्त लोकांसमोर अवघडल्यासारखं होतं. उर्वशी-पुरूरव्याशी तुलना सगळेच करतात, पण तिथे अट मोडते गंधर्वांच्या डावाने. इथे दोष बाहेरच्या कुणाचा नाही, म्हणून ही मला जास्त लागते.

वेळ कमी पडला तर दोन सारख्या बहिणींतून तिला ओळखण्याचा प्रसंग गाळा. परत जाताना तिचं आपल्या गुरांना नावाने हाका मारणं मात्र ठेवा: कापून आकड्याला टांगलेलं काळं वासरूही उठून तिच्यामागे जातं, नांगराचे चार करडे बैल नांगरासकट. आणि नंतर ती मुलांना भेटते तो प्रसंग ठेवाच. थोरल्या रिवाल्लोनला ती वनस्पती शिकवते, आणि रिवाल्लोन व त्याचे मुलगे तेराव्या शतकात ऱ्हीस ग्रीग या सरदाराचे वैद्य होते. ही कथा औषधांच्या पुस्तकात आली ती त्यामुळेच.