काचेवरचे पांढरे ठिपके आणि शेळीचं औषध

भाऊ, सगळ्यात आधी टाकीत ओतायला काढलेली ती शेळ्यांच्या जंतनाशकाची बाटली कपाटात परत ठेवा. दर्यापूरकडच्या तुमच्या घरी खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी लावून चार महिने झाले. रात्री काचेवर पांढरे ठिपके पळताना दिसतात, मागच्या काचेला चुन्यासारखी बारीक वेटोळी चिकटली आहेत आणि दगडावर गंजाच्या रंगाचं काहीतरी चपटं सरकतं. या तिन्हींना तुम्ही एकच कीड समजलात. पण हे तीन वेगवेगळे जीव आहेत आणि त्यांतल्या दोघांचा टाकीला काहीच त्रास नाही.

बोअरच्या पाण्यातून आले का, असं विचारलंत. नाही. खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी जिभेला खारट लागतं, पण त्यातले क्षार समुद्राच्या प्रमाणात नसतात. तुमच्या टाकीत लिटरमागे 35 ग्रॅमच्या आसपास मीठ आहे, त्यात गोड्या पाण्यातला किडा तगत नाही. हे जीव जिवंत दगडावरून (म्हणजे बारीक समुद्री जीव वस्तीला असलेल्या दगडावरून), कोरलच्या, म्हणजे प्रवाळाच्या, तुकड्याच्या बुडातून किंवा गोगलगायीच्या शिंपल्यावर बसून आले आहेत. (दगड घेताना तो कुठला आहे हे विचारत जा. आपल्या समुद्रातले प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, ते काढणं आणि विकणं गुन्हा आहे.)

आता पळणारे ठिपके. दिवे बंद झाल्यावर दोनेक तासांनी टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावून पाहा, लाल उजेडात हे जीव फारसे बुजत नाहीत. काचेला बाहेरून शाळेची मोजपट्टी चिकटवा म्हणजे आकार कळेल. एक-दोन मिलिमीटरचा, पुढे रुंद आणि मागे निमुळता, काचेवर सरपटता सरपटता मध्येच झटका देऊन उडी घेणारा असेल तर तो कोपेपॉड, कोळंबी-खेकड्यांच्या गोतातला बारीक जीव. मादीच्या मागच्या बाजूला अंड्यांची थैलीही दिसते. नव्या टाकीत शेवाळाचा पातळ थर भरपूर असतो, तो खाऊन हे वाढतात आणि मासे यांना खाऊन जगतात. मँडरिन मासा तर मुख्यतः यांच्यावरच पोसला जातो. म्हणजे तुमच्या टाकीला फुकटचा चारा लागला आहे.

जरा मोठा, पाठीतून वाकलेला आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा दिसला तर तो ॲम्फिपॉड. तोही उष्टं-खरकटं खाणारा. वरून दाबल्यासारखा चपटा असेल तर मात्र तो आयसोपॉड, आणि मोठ्या डोळ्यांचा असा जीव माशाच्या अंगाला चिकटलेला दिसला तर मासा लगेच वेगळा काढा. वेटोळ्यांची काळजी सोडा. ती स्पायरोर्बिड नावाच्या नळीतल्या कृमींची घरं आहेत, पाणी गाळून खातात.

मी हिंगणघाटकडचा, पऱ्हाटीवाला, म्हणजे कापूस पिकवणारा माणूस. ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी काळी, काटेरी, मगरीसारखी दिसते. पिकावरची मावा कीड तीच फस्त करते, आणि न ओळखणारा माणूस आधी तिलाच चिरडतो. शेतात मला हे कळत होतं, टाकीत कळलं नाही. माझ्या पहिल्या टाकीतल्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला, तेव्हा एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी तांब्याचं औषध मुख्य टाकीतच ओतलं. मासे वाचले, पण आठ दिवसांत कोपेपॉड, गोगलगायी, मऊ कोरल, सगळं गेलं. तांबं दगडात मुरतं आणि पुढे झिरपत राहतं. नंतर आणलेल्या गोगलगायीही एकामागून एक मेल्या. मला त्याचं आजही वाईट वाटतं. तुमचं जंतनाशकही तसंच, चांगला-वाईट कृमी त्याला कळत नाही. दगडातले सगळे कृमी एकदम मेले, कुजले, की पाण्यातला विषारी अमोनिया चढतो.

खरं लक्ष त्या गंजाच्या रंगाच्या जीवाकडे द्या. लांबी पाचेक मिलिमीटर आणि शेपटीला दोन फाटे किंवा तीन टोकं असतील तर तो लाल चपटकृमी. त्याच्या अंगात शेवाळ वाढतं, म्हणून तो उजेडात आणि पाणी संथ असतं तिथे गोळा होतो. चार-दोन असतील तर बिघडत नाही. थर चढला की कोरलवर सावली पडते, आणि पुष्कळ कृमी एकदम मेले तर अंगातलं विष पाण्यात सुटून मासेही दगावतात. म्हणून इथे औषध हा शेवटचा उपाय. सलाईनसारख्या बारीक नळीने दिवसाआड ओढून काढा. ते पाणी बादलीत जाऊ द्या, परत टाकीत नको. ती जागा हलती राहील असा पंप वळवा आणि खाणं कमी टाका. पुढे औषध लागलंच, तर आधी जमतील तितके कृमी काढायचे, पाण्यातलं विष शोषणारा कार्बन (कोळसा) आणि बदलायचं पाणी तयार ठेवायचं, मगच डोस.

दगडाखाली केसाळ, गुलाबी-करडा लांब कृमी दिसला तर उघड्या हाताने धरू नका. त्याचे केस बोटात मोडतात. मोडलेच तर चिकटपट्टी लावून ओढून काढा. तो कृमी सडकं खाऊन टाकी साफ ठेवतो, त्याला राहू द्या.

चपटकृमीचा फोटो काचेला काटकोनात मोबाईल धरून, मोजपट्टीसकट काढा. शेपटी नीट दिसली पाहिजे. ती पाहिल्याशिवाय मी तुम्हाला कुठल्याच औषधाचं नाव सांगणार नाही.