अकरा मिलिमीटरचा घोडेस्वार: बनावट की त्या काळातलीच नक्कल?

तुम्ही लीड्समध्ये रोमन ब्राँझ नाण्यांची पुडी घेतलीत. त्यातलं एक जेमतेम ११ मिमी, ०.८ ग्रॅम, चित्र लहान पोरानं काढल्यासारखं, अक्षरं वाचता येत नाहीत. विक्रेत्यानं फसवलं का, असा तुमचा प्रश्न.

फोटोवरून तरी मला तसं वाटत नाही. नाणं सोळाशे वर्षांपूर्वीचं असावं, फक्त सरकारी टाकसाळीतलं नाही.

इ.स. ३४८ च्या सुमारास कॉन्स्टान्स आणि कॉन्स्टान्टियस दुसरा या रोमन सम्राट भावांनी 'फेल टेम्प रेपारातिओ' म्हणजे 'सुखाचे दिवस परत आले' अशा मजकुराची नाणी काढली. (३५० मध्ये कॉन्स्टान्सचा खून झाला, म्हणजे सुख फार टिकलं नाही.) यातला सगळ्यात जास्त सापडणारा नमुना म्हणजे घोड्यावरून पडणाऱ्या शत्रूला भाला मारणारा सैनिक. तुमच्या नाण्यावर तोच आहे. सैनिकाची एक रेघ झालीय आणि घोड्याचा विंचू, एवढंच.

लंडनची टाकसाळ ३२५ मध्येच बंद झाली होती, त्यामुळे ब्रिटनमध्ये सुटे पैसे त्रिअर, लियाँ, आर्ल इथल्या टाकसाळींतून (आजच्या जर्मनी-फ्रान्समधून) यायचे. ३५० मध्ये मॅग्नेन्टियस या रोमन सेनानीनं साम्राज्याच्या पश्चिमेकडे बंड केलं, ३५३ मध्ये तो हरला आणि त्याची नाणी चलनातून गेली. नवी पुरेशी येईनात. बाजार थोडाच थांबतो? लोकांनी स्वतःच पाडली. इतक्या बारक्या तुकड्यानं कोणी फसणार नव्हतं. सुटे नाहीत म्हणून सगळ्यांनी चालवून घेतलं. शिवराई जमवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. 'छत्रपति'ची किती रूपं आपण पाहिलीत!

आता ओळखायचं कसं? चित्र नंतर, आधी अक्षरं. सरकारी ठसे कोरणारा कितीही घाईत असला तरी त्याला लिहिता येत होतं. नक्कल करणारा बऱ्याचदा अक्षरांचं नुसतं चित्र काढतो. तुमच्या फोटोत सम्राटाच्या डोक्यामागे तीन उभ्या काड्या, मग एक चंद्रकोर, मग पुन्हा दोन काड्या दिसतात. तिथे 'कॉन्स्टान्टियस' असायला हवं होतं. घोड्याखाली टाकसाळीची खूण वाचता आली तरी हुरळून जाऊ नका, नक्कल करणारे तीही उतरवून काढत. 'टी आर' दिसलं म्हणजे नाणं त्रिअरचंच, असं नाही.

वजन-आकार त्यानंतर. या नमुन्याची नंतरची सरकारी नाणी साधारण १६ ते १८ मिमी आणि दोन-अडीच ग्रॅमची असतात. पण नुसत्या आकारावर निकाल देऊ नका. काठ कापून लहान केलेली सरकारी नाणीही मिळतात. त्यांच्यावर उरलेली अक्षरं रेखीव असतात.

माझ्याकडच्या एकात घोड्याच्या पोटाखाली एक उभा भाला आणि अर्धा सैनिक दिसतो. बरेच दिवस मी ती ठसा कोरणाऱ्याची चूक समजत होतो. भिंगाखाली तिरका उजेड टाकल्यावर कळलं, ३३० च्या दशकातलं 'ग्लोरिया एक्झर्सिटस'चं ('सैन्याचं वैभव', त्यावर भाले घेतलेले दोन सैनिक असतात) जुनं नाणं घेऊन त्यावरच नवा ठसा मारलाय. कचऱ्याच्या भावात घेतलं होतं, आज ते माझं सगळ्यात लाडकं आहे.

आधुनिक बनावटीची शंका असेल तर काठ बघा: ओतीव नाण्याला सांध्याची रेघ असते, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे. पण ज्या नाण्याला धड किंमत नाही, त्याची बनावट करायचे कष्ट कोण घेईल?

आणि कृपा करून चिंच लावू नका. मी सुरुवातीला तांब्याची भांडी घासतात तसं एक घासलं. हिरवा थर गेला, त्याबरोबर सम्राटाचं नाकही गेलं आणि खाली गुलाबी तांबं उरलं. डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, लाकडी टूथपिकनं माती काढा. आठवडे लागतात.

पाकिटावर लिहा: 'कॉन्स्टान्टियस दुसरा, पडता घोडेस्वार, समकालीन नक्कल, सुमारे ३५३–३६०'. अशा नकला गॉलमध्येही (साधारण आजचं फ्रान्स) पाडल्या गेल्या, त्यामुळे सापडल्याची जागा माहीत असल्याशिवाय 'ब्रिटन' लिहू नका. विक्रेत्याला विचारून बघा. जुळवून पाहायला पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवणारी ब्रिटिश योजना) ऑनलाइन नोंदींत ढीगभर फोटो आहेत.

तुमच्या दुसऱ्या फोटोत कोपऱ्यात किरणांचा मुकुट घातलेलं एक डोकं दिसतंय. ते याहून पाऊणशे-ऐंशी वर्षं जुनं, टेट्रिकसच्या (तिसऱ्या शतकात गॉलमध्ये राज्य करणारा सम्राट) नाण्यांच्या वळणाचं वाटतं आणि तेही नक्कलच असेल. त्याचं वजन आणि दोन्ही बाजूंचे फोटो टाका.