गाडी खाली घासतेय: वाचकांचे प्रश्न

गणपती जवळ आले की गाडी खालून घासण्याचे प्रश्न वाढतात, म्हणून या वेळी तेच एकत्र घेतलेत.

प्रश्न: सर, माझी २०१६ ची पेट्रोल सेडान आहे. दर गणपतीला मुंबईहून चिपळूणजवळ गावी जातो, आम्ही पाच जण आणि डिकी फुल्ल. हायवे सोडून गावाच्या रस्त्याला लागलो की प्रत्येक स्पीडब्रेकरला खालून खर्रर्र आवाज येतो, बायको म्हणते त्यापेक्षा मी उतरून चालत येते. गॅरेजवाला म्हणतो अंडरबॉडी कोटिंग करा आणि खाली लोखंडी प्लेट मारू. दोन्ही करू का?

उत्तर: वहिनी बरोबर बोलतायत, पण त्यावर नंतर येतो. आधी कोटिंग. ते काळं डांबरी किंवा रबरी कोटिंग असतं ते गंजासाठी आणि चाकांनी उडणाऱ्या खडीसाठी, घासण्याशी त्याचा संबंध नाही, काँक्रीटचा स्पीडब्रेकर ते एका फटक्यात खरवडून काढतो. कोकणातली खारी हवा आणि चार महिन्यांची ओल बघता कोटिंग जरूर करा, पण गाडी लिफ्टवर घेऊन, खालून धुऊन, पूर्ण वाळवून, आणि तुम्ही स्वतः समोर उभे राहून. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर तसंच मारलं तर आत पाणी अडकतं आणि वरून चकाचक दिसणारा पत्रा आतून सडत जातो. सायलेन्सर, ड्राइव्हशाफ्ट, ब्रेक, रबरी बुश यांच्यावर स्प्रे जाता कामा नये, आणि दारांच्या खालच्या पट्टीला पाणी निघून जायची बारीक भोकं असतात ती बुजवून ठेवली तर मग कोटिंग न केलेलंच बरं होतं म्हणायची वेळ येते.

आता घासतं का ते बघू. होंडा सिटीसारख्या सेडानचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्ता आणि गाडीचं पोट यांच्यातली जागा, कागदावर १६५ मिमीच्या आसपास असतो, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टसचा १७९, पण हे आकडे रिकाम्या गाडीचे. पाच माणसं आणि डिकी भरली की त्यातले दोन-तीन सेंमी सहज जातात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी फक्त १० सेंमी उंच सांगितलाय, ताशी २५ किमी वेगासाठी. गंमत अशी की २.६ मीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) गाडी त्याच्या बरोबर मध्यावर आली तरी तिची चाकंसुद्धा उंचवट्यावरच असतात, त्यामुळे पोटाखाली जेमतेम ५ सेंमी जागा लागते. म्हणजे नियमातल्या स्पीडब्रेकरला भरलेली सेडानसुद्धा टेकणार नाही. पण गावच्या रस्त्यावरचा असतो हातभर रुंद आणि वीतभर उंच, चारही चाकं सपाट रस्त्यावर आणि उंचवटा थेट पोटाखाली, मग १४ सेंमीवर आलेली गाडी टेकणार नाही तर काय करणार.

म्हणून पहिला उपाय फुकटातला. असा स्पीडब्रेकर दिसला की ब्रेक आधीच मारून घ्या आणि चाक चढायच्या आत पाय काढा, कारण ब्रेक दाबलेला असताना गाडी नाक खाली घालते आणि नेमका तेव्हाच बंपर टेकतो. मागून बाइकवाले येत नसतील तर थोडं तिरकं घ्या, एकेक चाक चढलं की पोट तेवढं वर राहतं. जड सामान (तांदळाची गोणी, तेलाचे डबे, जे काय तुम्ही नेता) डिकीत टोकाला न कोंबता मागच्या सीटच्या पायाशी ठेवा. टायरमध्ये हवा फुल लोडची भरा, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, तो फार कमी लोक वाचतात. आणि अगदीच भयानक स्पीडब्रेकर असेल तर मागच्या तिघांना खुशाल उतरवा, वहिनींना बरोबर घेऊन.

प्लेटचं मात्र लगेच ठरवू नका. गाडी लिफ्टवर असताना टॉर्च घेऊन चरे नेमके कुठे पडलेत ते बघा. मधल्या सायलेन्सरच्या पाइपावर किंवा त्याच्या जोडावर असतील तर इंजिनखाली प्लेट मारून काडीचा उपयोग नाही, तिथे गाडी चालवायची पद्धतच बदलायला हवी. पुढचं फायबरचं कव्हर फाटलंय किंवा लोंबतंय, तर बहुतेक वेळा क्लिपा तुटलेल्या असतात, नव्या क्लिपा टाका आणि कव्हर फेकून देऊ नका, ते हवा आणि चिखल दोन्हीसाठी आहे. चरे चेंबरवर असतील, म्हणजे ज्यात इंजिनचं ऑइल असतं त्या भांड्यावर, तर गार्ड, म्हणजे तीच प्लेट, हवाच. चेंबर पत्र्याचा असेल तर आत दबतो, आणि आतली ऑइल ओढणारी जाळी तळाला चिकटली तर ऑइल असूनही इंजिन उपाशी. ॲल्युमिनियमचा असेल तर सरळ तडकतो. गार्ड घेताना तो सबफ्रेमच्या (इंजिनखालच्या लोखंडी सांगाड्याच्या) बोल्टांवर बसला पाहिजे, चेंबरला लटकवलेला नको, दोघांत बोटभर तरी फट हवी, ऑइल काढायला भोक आणि हवेला खाचा हव्यात. गार्ड स्वतःच थोडी उंची खातो हेही लक्षात असू द्या, नाहीतर पूर्वी जिथे टेकत नव्हती तिथेही टेकायला लागेल. पावसाळा संपला की तो काढून आतली लाल माती धुवा.

आणि एक, रस्त्यात मोठा दगड दिसला की तो दोन चाकांच्या मधून काढायची आपल्याकडे जुनी खोड आहे. टाळता येत नसेल तर थांबा, उतरून बाजूला करा. ट्रकनी चाकोऱ्या पाडलेल्या कच्च्या रस्त्यावर एका बाजूचं चाक मधल्या उंचवट्यावर ठेवून हळू जायचं.

प्रश्न: दादा, स्प्रिंगमध्ये रबर टाकून गाडी उचलून मिळते असं मित्र सांगतो. लातूरमध्ये बरेच जण करतात. मी करू का, का टायर मोठे टाकू?

उत्तर: रबर नको. स्प्रिंगचे दोन वेटोळे जाम होतात, बाकीच्यांवर ताण येतो, गाडी उडायला लागते आणि वळणावर अंगाला येते. मागची स्प्रिंग खरंच बसली असेल तर कंपनीची नवीन टाका, गेलेली उंची परत मिळेल. टायरचा हिशोब असा: १७५/६५ आर १५ काढून १८५/६५ आर १५ टाकला तर व्यास १३ मिमी वाढतो, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, साडेसहा मिमी, आणि स्पीडोमीटर साधारण २ टक्के कमी दाखवायला लागतो. टायर बदलायला आलेच असतील आणि चाकाच्या पोकळीत कुठे घासत नसेल तर विचार करा, मुद्दाम खर्च करू नका.

प्रश्न: ताम्हिणीत दगड लागला, थोड्या वेळाने ऑइलचा लाल दिवा लागला. गॅरेज जवळ होतं म्हणून तसाच गेलो, इंजिन जाम. विमा कंपनी म्हणते चेंबरचे पैसे देऊ, इंजिनचे नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर: वाईट वाटेल, पण पॉलिसीत तसंच लिहिलेलं असतं. दगड लागला तो अपघात, त्यात फुटलेला चेंबर मिळतो. पण दुरुस्ती न करता गाडी पुढे चालवली आणि नुकसान वाढलं तर ते वाढलेलं नुकसान मालकाच्या माथी. इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन (इंजिनसाठीचं जादा विमा संरक्षण) घेतलेलं असेल तर कागद परत नीट वाचा, तिथे काहीतरी निघू शकतं. बाकीच्यांनी एवढंच करा की लाल दिवा लागला की बाजूला घेऊन इंजिन बंद, गॅरेज समोर दिसत असलं तरी. खाली वाकून बघा, फोटो काढा, टोइंग बोलवा. एम-सील लावून गळती थांबवणारे मेकॅनिक घाटात भेटतात आणि ते टेकू म्हणून चालतंही, पण इंजिन थंड झाल्यावर, आणि ऑइल परत भरून डिपस्टिक बघितल्यावरच.

प्रश्न: इलेक्ट्रिक सेडान घेतोय, बॅटरी तर खालीच असते. तिलाही गार्ड लावावा का?

उत्तर: बाहेरून लावू नका. बॅटरीचा स्वतःचा जाड कवच-पत्रा असतो, त्याच्या आसपास ड्रिल मारणं किंवा त्यावर कोटिंग फवारणं म्हणजे वॉरंटीवर पाणी. काळजी अनाठायी नाही, २०१३ मध्ये अमेरिकेत टेस्लाच्या मॉडेल एस गाड्या रस्त्यावर पडलेल्या लोखंडी तुकड्यांवरून गेल्या आणि बॅटरीला आग लागली, त्यानंतर मार्च २०१४ मध्ये कंपनीने खाली टायटॅनियमची प्लेट द्यायला सुरुवात केली. पण ते काम कंपनीनेच करायचं. खालून जोरात काही लागलं तर गाडी चालतेय म्हणून गप्प बसू नका, शोरूमला नेऊन खालचा पत्रा दाखवा.

प्रश्न: सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प चढून वर आलो की गाडी मधोमध टेकते. तिरकी घ्यायला जागा नाही.

उत्तर: इथे गाडीचा दोष नाही. उतार एकदम संपून सपाटी सुरू होते तिथे कड तयार होते आणि गाडी तिच्यावर बसते. तिथे साधारण निम्म्या उताराचा एक छोटा टप्पा काँक्रीटमध्ये करून घ्यावा लागतो, वर आणि खाली दोन्हीकडे, खाली नसेल तर बंपर जातो. कमिटीला पत्र द्या आणि कडेवर पडलेल्या चऱ्यांचे फोटो जोडा, तिथे फक्त तुमच्या एकट्याच्या गाडीचा रंग नसणार.