हरीण गोळी लागून पळालं, म्हणजे गोळी खराब होती का?

तुमचे मेहुणे टेक्सासला ३०८ रायफल घेऊन शिकारीला जातात, सॉफ्ट पॉइंट (टोकाला मऊ शिसं उघडं असलेली, लागल्यावर उमलणारी) गोळी लागूनही हरीण सत्तर-ऐंशी पावलं पळालं, सुरुवातीला रक्तही दिसलं नाही, म्हणून त्यांनी गोळी बदलावी का, असं तुम्ही विचारलंय.

बदलू नये. तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला १५० किंवा १६५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साधी सॉफ्ट पॉइंट पुरून उरते. हृदय फुटलं तरी मेंदू दहा-पंधरा सेकंद चालतो, तेवढ्यात हरीण ऐंशी पावलं सहज काढतं. आणि भोक छातीत वर पडलं असेल तर रक्त आधी आत साचतं, जमिनीवर उशिरा दिसतं.

पण "गोळी खराब होती" हे वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या घरात हे वाक्य मी पन्नासहून जास्त वर्षं ऐकतोय.

माझे वडील खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत तपासणी खात्यात होते. फॅक्टरी १८६९ सालची. काडतुसाच्या बुडावर 'के.एफ.' अशी अक्षरं असत, म्हणजे किर्की फॅक्टरी. ती अक्षरं वडील आम्हाला अशी दाखवायचे, की जणू घरचाच शिक्का. धाकट्या काकांकडे ३१५ ची रायफल होती आणि काडतुसं अर्थातच खडकीची.

डिसेंबर १९६७. मी तेरा वर्षांचा. तेव्हा परवाना काढून शिकार करता यायची. ताम्हिणीच्या अलीकडे एका वाडीत मुक्काम होता. दिवस मावळता मावळता ओढ्यापलीकडच्या उतारावर सांबर दिसलं, मोठ्या शिंगांचा नर. अंतर दीडशे पावलांच्या वर, आणि जनावर आमच्याकडे पाठ करून तिरकं उभं. वडील कुजबुजले, "थांब, आडवं वळू दे." काकांनी बार टाकला. सांबर पाठीत वाकलं, मागचे पाय झाडले आणि कारवीत शिरलं.

काका म्हणाले, "लागलीच नाही." आमच्याबरोबरचा कातकरी वाटाड्या पलीकडे जाऊन आला तो हातात कारवीचं पान घेऊन. पानावर हिरवट-तपकिरी ओला फराटा, त्यात चघळलेल्या गवताचे धागे. वडिलांनी पान नाकाशी नेलं आणि "पोटात" एवढंच म्हणाले.

पोटात लागलेल्या जनावरामागे लगेच धावायचं नसतं, ते उठतं आणि आणखी लांब जातं. रात्रभर थांबलो. काका जेवून झोपले. वडील पडवीत बसून होते. सकाळी काका पाय दुखतोय म्हणून वाडीतच राहिले. वाटाड्या, वडील आणि मी निघालो. तीन तास माग काढला. रक्ताचा टिपूस नाही. नुसते खुरांचे ठसे, आणि दोन ठिकाणी ते बसून उठल्याने दबलेलं गवत. शेवटी एका डोहाशी सापडलं, पाण्यात गुडघे टेकलेलं. जिवंत. त्याचा श्वास मला काठावर ऐकू येत होता. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

आम्हाला बघून ते धडपडत उठलं आणि आमच्याकडे कूस करून आडवं उभं राहिलं. वडिलांनी काकांच्याच रायफलने, त्याच खोक्यातल्या काडतुसाने, पुढच्या पायाच्या लगेच मागे छातीत गोळी घातली. वीसेक पावलं गेलं आणि कोसळलं. रायफल तीच, खोका तोच, जनावर तेच. एक गोळी रात्रभर तडफडवते, दुसरी पाच-सात सेकंदांत संपवते.

सोलताना पहिली गोळी सापडली. मागच्या बरगडीच्या मागून शिरून, गवताने गच्च भरलेलं पोट फाडून, पलीकडच्या कातड्याखाली अडकलेली. आठ मिलिमीटरची गोळी पुढून जवळजवळ दुप्पट पसरलेली, शिशावरच्या धातूच्या कवचाच्या चार पाकळ्या मागे वळलेल्या, मध्ये शिशाची छत्री, आणि एका पाकळीखाली सांबराचा एक राठ केस. गोळीचं मूळ वजन २४४ ग्रेन, म्हणजे १५.८ ग्रॅम. पुण्यात आल्यावर वडिलांनी ती ओळखीच्या सराफाकडे तोलून घेतली, १३.१ ग्रॅम भरली. उमलली, वजन राखलं, आरपार पोचत आली. यापेक्षा गोळीने आणखी काय करायचं?

तरी त्या रात्री घरी जेवताना काका म्हणाले, "दादा, तुमची गोळीच फुसकी." वडील काही बोलले नाहीत. ताट अर्धं टाकून उठले.

काका गेले. आता चुलतभाऊ तेच ऐकवतो. गेल्या वर्षी एका लग्नात चारचौघांत म्हणाला, "सॉलिड गोळी असती तर आरपार गेली असती." गेली असती ना! पोटातून आरपार गेली असती आणि सांबर दोन-तीन दिवस तडफडलं असतं. सॉलिड, म्हणजे लष्करी पद्धतीची पूर्ण कवचाची गोळी, उमलत नाही, पेन्सिलीएवढं भोक पाडून निघून जाते. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातल्या उमलणाऱ्या गोळ्यांवरून गदारोळ झाला आणि १८९९ च्या हेग परिषदेत असल्या गोळ्या युद्धात वापरायला बंदी आली. हरणाच्या बाबतीत बरोबर उलटं आहे. ते लवकर मरावं म्हणून गोळी उमललीच पाहिजे, आणि म्हणूनच अमेरिकेत बऱ्याच राज्यांत हरणावर पूर्ण कवचाची गोळी चालत नाही.

आता हेही सांगतो, गोळी कधी चुकतच नाही असं नाही. हलकी, फार वेगवान गोळी जवळून खांद्याच्या हाडावर बसली तर वरच्यावर फुटते. १९४६ साली जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याने झाडलेल्या गोळ्या एका मूसवर (तिकडचं प्रचंड मोठं हरीण) अशाच निकामी ठरल्या, त्यातून त्यांनी मधोमध पडदा असलेली 'पार्टिशन' गोळी काढली, १९४८ पासून ती बाजारात आहे. मेहुणे एल्कसारख्या मोठ्या जनावरावर जाणार असतील तर तसली किंवा पूर्ण तांब्याची घ्यावी. मात्र तांब्याच्या गोळीला उमलायला वेग जास्त लागतो, फार लांबून ती नीट उघडत नाही. आणि घरात लहान मुलं ते मांस खाणार असतील तर तांब्याचीच घ्या, कारण शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर मांसात जाऊन बसतात. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हे सगळं आता बंद आहे. माझं म्हणाल तर त्या डोहानंतर मी रायफल हातात धरलेली नाही. इथे कोणी हे वाचून भलतं धाडस करू नये.

मेहुण्यांना एवढंच विचारा: बार टाकला तेव्हा हरीण आडवं होतं की तिरकं? ते उभं होतं तिथे जाऊन केस, रक्त पाहिलं का? गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस, काळपट असेल तर यकृत, हिरवं काही दिसलं तर पोट. पोट असेल तर सहा-आठ तास थांबायचं आणि मग स्वतः जायचं, पाय दुखत असला तरी.

ती गोळी कोथरूडच्या घरी वडिलांच्या चष्म्याच्या डबीत आहे. केस अजून तसाच आहे. चुलतभावाने कधीही यावं, हातात घ्यावी, हवं तर पुन्हा सराफाकडे तोलून आणावी.