पी पफर खातो, तरी पोट खपाटीला: जंतांवर काय करावं?

टाकीतला पफर मासा रोज अळ्या खातोय, तरी वाळतोय आणि शी पांढरी, दोऱ्यासारखी लोंबतेय म्हणता, म्हणजे बहुधा जंतच. पी पफर केरळकडच्या नद्यांतला जेमतेम अडीच सेंटीमीटरचा मासा. दुकानात येणारे बरेचसे थेट नदीतून पकडलेले असतात, जंत तिथूनच येतात.

खात असेपर्यंत हातात वेळ आहे. गोल जंतांवर लेव्हामिसोल हे जंतनाशक: टाकीच्या पाण्यात प्रति लिटर २ मिलिग्रॅम, २४ तास, दिवा बंद, कारण उजेडात ते निकामी होतं. मग निम्मं पाणी बदला आणि तळातली घाण नळीने ओढून काढा. त्यात बाहेर पडलेले जंत आणि अंडी असतात, पफर तिथेच टोचा मारत बसतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा, कारण अंडी औषधाला दाद देत नाहीत.

चपट्या जंतांवर मात्र प्राझिक्वांटेल लागतं. यासाठी गुरांच्या जंतांच्या औषधाची बाटली आणलीत तर दर मिलिलिटरमध्ये किती औषध आहे ते तिच्यावर आधी नीट वाचा. अंदाजाने थेंब टाकू नका. पफरला खवले नसतात, औषध चटकन बाधतं. आणि तांबं असलेली औषधं तर नकोच.

माझा एक पफर दुसऱ्या डोसनंतर आठवड्याभरात पुन्हा वाटाण्यासारखा गोल झाला होता.