सापडलं की लूपमधून बाहेर पड
यादीत एक नाव शोधणारा तुझा पायथन कोड वाचला. लूप म्हणजे यादीतल्या प्रत्येक नावासाठी त्याच ओळी पुन्हा चालवणं, आणि ब्रेक म्हणजे लूप मधेच सोडणं. सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात स्थापन केलेल्या 68 लिंगांची यादी घेतलीस, हे छान केलंस. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) या लिंगांच्या तैलाभिषेकाला निघतात तेव्हा 68 च्या 68 ठिकाणी जावंच लागतं, तिथे ब्रेकचं काम नाही. पण तुला एकच नाव शोधायचंय. ते पाचव्या फेरीत सापडलं तर उरलेल्या 63 फेऱ्या कशासाठी? लगेच ब्रेक.

आता खरी चूक. इफच्या (अट जुळली तर) एल्समध्ये (नाहीतर) तू ‘सापडलं नाही’ छापतोस, म्हणून न जुळणाऱ्या प्रत्येक नावाला ते वाक्य येतंय. सगळी यादी बघून झाल्याशिवाय असं म्हणता येतं का? पायथनमध्ये एल्स हे इफऐवजी फॉरच्या, म्हणजे लूप सुरू करणाऱ्या ओळीच्या, रेषेत लिहिता येतं. ब्रेक न लागता लूप संपला तरच ते चालतं. मला हे फार आवडतं. जड वाटलं तर आधी खरं-खोटं ठेवणारं एक साधं व्हेरिएबल घे, काही बिघडत नाही.

लूपच्या पोटात लूप असेल तर ब्रेक फक्त आतल्यातून बाहेर काढतो, बाहेरचा चालूच राहतो. यावर माझी अख्खी रात्र गेली होती. दोन्हींतून सुटायचं तर ते काम फंक्शनमध्ये (नाव दिलेल्या वेगळ्या ओळींच्या गटात) टाक आणि सापडताच रिटर्न कर, म्हणजे फंक्शनमधूनच बाहेर पड.

कंटिन्यू म्हणजे ही फेरी सोडून पुढची घेणं. व्हाईलमध्ये (अट खरी असेपर्यंत चालणाऱ्या लूपमध्ये) मात्र जपून: मोजणी वाढवणारी ओळ कंटिन्यूच्या खाली राहिली तर लूप थांबतच नाही. अडकलास तर कंट्रोल-सी दाब.

उद्या सुधारून पाठव, मी बघतो.